अमेरिकेत सिंगल फॅमिली घर घ्यायचं की नाही? पहिल्यांदा घर बघणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

मंडळाच्या गणपतीत ताट हातात घेऊन उभं राहिलं की तिसरा प्रश्न हमखास येतो, "काय, अजून रेंटवरच?" त्या प्रश्नाच्या भरात घरं घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुम्ही एच-१बीवर असाल किंवा ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलं असेल, चार-पाच वर्षं भाड्याने काढली असतील आणि आता चारही बाजूंनी मोकळं, स्वतःचं अंगण असलेलं घर, म्हणजेच सिंगल फॅमिली, खुणावत असेल, तर हे वाचा. आम्ही न्यू जर्सीत आधी टाउनहाऊस (शेजारच्या घरांना भिंती जोडलेलं घर) आणि मग सिंगल फॅमिली, अशा दोन्ही घरांत राहिलो. टेक्सास आणि कॅलिफोर्नियातल्या गोष्टी भावंडांच्या आणि मित्रांच्या व्यवहारांचे कागद वाचून कळल्या. व्याजदर आणि नियम बदलतात, तेव्हा आकडे त्या-त्या दिवसाचे घाला. क्रम मात्र हाच ठेवा. बहुतेक जण उलटे जातात: आधी घर आवडतं आणि मग त्याला शोभेल असं गणित मांडलं जातं.

## १. आधी वर्षं मोजा, बेडरूम नंतर

या गावात आपण नक्की किती वर्षं राहणार, याचं उत्तर मिळेपर्यंत एकही ओपन हाऊस बघू नका.

उदाहरण घेऊ. घर ६ लाख डॉलरचं. २० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार डाउन पेमेंट. उरलेल्या ४ लाख ८० हजारांवर ३० वर्षांचं फिक्स्ड कर्ज, दर ६.५ टक्के. हप्ता बसतो ३,०३४ डॉलर. पहिल्या हप्त्यातले २,६०० व्याजात जातात, मुद्दल फिटतं ४३४. तीन वर्षं नेमाने हप्ते भरल्यावर फिटलेलं मुद्दल असतं साधारण १७,२००. आणि त्याच सुमारास बदली झाली, घर विकायचं ठरलं, तर कमिशन, ट्रान्सफर टॅक्स, वकील आणि विक्रीआधीची रंगरंगोटी मिळून सहा टक्के धरा: ३६,०००. किंमत वाढली नसेल तर तीन वर्षांत फेडलेल्या मुद्दलाच्या दुप्पट रक्कम नुसत्या विकण्यात गेली.

"आमचं घर चार वर्षांत दीडपट झालं" असं सांगणारे भेटतील. त्यांनी कधी घेतलं ते विचारा. जानेवारी २०२१ मध्ये ३० वर्षांच्या कर्जाचा दर ३ टक्क्यांच्याही खाली होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ८ च्या उंबरठ्यावर होता. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो त्या काळाचा आहे. किंमत अजिबात वाढणार नाही असं धरूनही पाच ते सात वर्षं राहण्याची शक्यता दिसत नसेल, तर मी तरी थांबेन.

व्हिसाचा भाग इथेच उरकून घ्या. एच-१बीवर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांचा ग्रेस पिरियड मिळतो. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची की घर बाजारात आणायचं? म्हणून माझा नियम असा: आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेला असावा, आणि डाउन पेमेंट देऊन झाल्यावरही सहा महिन्यांचा पूर्ण घरखर्च बँकेत शिल्लक राहावा. जोडीदाराचा पगार एच-४ ईएडीवर येत असेल तर हप्ता एकाच पगारात बसतो का ते बघा.

"परत जायची वेळ आली तर भाड्याने देऊ" हे म्हणायला सोपं आहे. तुम्ही करासाठी अनिवासी झालात की घर विकताना फिर्प्टा नावाचा कायदा आडवा येतो: विक्रीच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम, नफ्याच्या नव्हे, किमतीच्या, कापून आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे, जाते. घेणारा स्वतः राहायला येत असेल आणि किंमत १० लाखांपर्यंत असेल तर १० टक्के, ३ लाखांपर्यंत असेल तर काही नाही. रिटर्न भरून जास्तीचे पैसे परत मिळतात, पण तोवर ते अडकून पडतात. उलट मागच्या पाच वर्षांतली दोन वर्षं स्वतः त्या घरात राहिला असाल, तर नवरा-बायकोला मिळून ५ लाखांपर्यंतचा नफा इथे करमुक्त असतो. घर भाड्याने देऊन तीन वर्षं उलटू दिलीत की ही सवलत हातची जाते.

## २. महिन्याचा खरा आकडा काढा

वेबसाइटवर दिसणारा "अंदाजे हप्ता" बाजूला ठेवा. वरच्याच घराचा महिना असा पडतो:

- कर्जाचा हप्ता: ३,०३४
- प्रॉपर्टी टॅक्स, वर्षाला २ टक्के धरून: १,०००
- विमा: २०० (गाव आणि छपराच्या वयाप्रमाणे बराच बदलतो)
- एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची असोसिएशन, तिची वर्गणी: ६०
- देखभाल, किमतीच्या वर्षाला १ टक्का धरून: ५००

बेरीज ४,७९४. यातले फक्त ४३४ तुमच्या नावावर साठतात, म्हणजे ४,३६० परत न येणारे. त्याच शाळेच्या हद्दीत तसंच घर ३,२०० ने भाड्याने मिळत असेल, तर महिन्याला १,१६० डॉलर तुम्ही स्वतःच्या घराच्या सुखासाठी मोजताय, आणि डाउन पेमेंटच्या १ लाख २० हजारांवरचं व्याज बुडतंय ते वेगळंच. मोजावेत की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. फक्त "भाडं म्हणजे पाण्यात पैसा" हे पालुपद बंद करा. व्याज, टॅक्स आणि विमाही त्याच पाण्यात जातात.

डाउन पेमेंट २० टक्क्यांपेक्षा कमी भरलेत तर पीएमआय, म्हणजे कर्ज बुडालं तर देणाऱ्याला भरपाई देणारा विमा, तुमच्या खर्चाने लागतो. कर्ज मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की तो काढायची लेखी मागणी करता येते. मागणी केली नाहीत तर ७८ टक्क्यांपर्यंत तो चालू राहतो.

प्रॉपर्टी टॅक्समध्ये नवखे सगळ्यात जास्त फसतात, म्हणून थोडं सविस्तर.

कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रॉप १३ या कायद्यामुळे करपात्र किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. त्यामुळे लिस्टिंगवर दिसणारा टॅक्स हा तीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्या आजोबांचा असतो. तुम्ही घेतलंत की आकारणी तुमच्या खरेदीच्या किमतीवर होते, आणि मधल्या फरकाचं सप्लिमेंटल बिल सहसा थेट तुमच्या पत्त्यावर येतं, एस्क्रोतून, म्हणजे हप्त्याबरोबर टॅक्स-विम्याचे पैसे जमतात त्या खात्यातून, भरलं जात नाही. नव्या वसाहतींत मेलो-रूस, म्हणजे तिथल्या सोयींसाठीचा जादा कर, वेगळा.

टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, पण त्याची भरपाई प्रॉपर्टी टॅक्समधून होते. नव्या वसाहतीत एमयूडीचा, म्हणजे पाणी-सांडपाण्याची सोय करणाऱ्या स्थानिक संस्थेचा, दर जोडला की एकूण टक्केवारी पटकन वर जाते. एमयूडी आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा.

नवं बांधकाम कुठल्याही राज्यात घ्या, पहिल्या वर्षी बऱ्याचदा आकारणी फक्त मोकळ्या प्लॉटवर झालेली असते. हप्ता हलका वाटतो, दुसऱ्या वर्षी घराची आकारणी येते, एस्क्रोत खड्डा पडतो आणि हप्ता एकदम पाच-सातशे डॉलरने वाढतो. बिल्डरचा सेल्समन हे आपणहून सांगत नाही.

राहता राहिलं "टॅक्स किती वाचतो!" २०२५ सालासाठी जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट, ३१,५०० डॉलर आहे, ते घर नसतानाही मिळतंच. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षीचं व्याज साधारण ३१,००० आणि प्रॉपर्टी टॅक्स १२,०००. म्हणजे फायदा फक्त वरच्या ११,५०० वर. २४ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये वर्षाला २,७५० च्या आसपास. राज्याचा इन्कम टॅक्स मिळवला तर थोडं वाढेल. त्यासाठी ६ लाखांचं घर घेऊ नये.

## ३. अंगण हवंय की अंगणाचं काम?

टाउनहाऊसमध्ये छप्पर, बर्फ आणि लॉन बहुतेक वेळा असोसिएशनकडे असतं, महिन्याचे पैसे दिले की विषय संपतो. सिंगल फॅमिलीत ते सगळं तुमच्याकडे येतं. न्यू जर्सीतल्या बहुतेक गावांत घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ ठरलेल्या तासांत तुम्हीच काढायचा, नाहीतर दंड. एप्रिल ते ऑक्टोबर गवत, नोव्हेंबरात पानं. लॉनवाला लावला तर त्याचा महिना, नाही लावला तर तुमचा शनिवार.

मोठे खर्च सांगून येतात, फक्त वय विचारावं लागतं. ॲस्फाल्ट शिंगलचं छप्पर साधारण २० ते २५ वर्षं, वॉटर हीटर दहाच्या आसपास, एसी-फर्नेस पंधरा-वीस. बेसमेंटमध्ये उतरा आणि हीटरवरच्या स्टिकरचा फोटो काढा. उत्पादनाची तारीख तिथेच असते किंवा सीरियल नंबरवरून काढता येते. तिन्ही वस्तू म्हाताऱ्या असतील तर पहिल्या तीन वर्षांत वीस-तीस हजार डॉलर सहज उडतात, आणि "मूव्ह-इन रेडी" लिहिलेल्या घरातही हेच असतं. नवा राखाडी रंग आणि पांढरी कपाटं बघून हुरळू नका.

सिंगल फॅमिली म्हणजे एचओए नाही, हाही गैरसमज. १९९० नंतरच्या बऱ्याच वसाहतींत ती असते आणि कुंपण, रंग, बाहेर कपडे वाळत घालणं, समोरच्या अंगणात मिरच्या-वांगी लावणं, सगळ्यावर नियम असतात. नियमावली मागवा आणि घर भाड्याने देण्यावर बंधन आहे का हे कलम आधी वाचा. पहिल्या पायरीतला "भाड्याने देऊ" हा बेत इथेच संपू शकतो.

## ४. घरात कोण कोण राहणार?

इथे आपलं आणि अमेरिकन एजंटचं जुळत नाही. तो मास्टर बेडरूमचं क्लोजेट दाखवतो, आपल्याला वेगळंच बघायचं असतं.

आई-बाबा वर्षातले पाच-सहा महिने येणार असतील तर तळमजल्यावर एक खोली आणि पूर्ण बाथरूम हवं. लिस्टिंगमधलं "हाफ बाथ" म्हणजे शॉवर नसलेलं. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या आईला आंघोळीला रोज जिना चढवायचा का, याचा विचार आत्ताच करा, नंतर शॉवर बसवणं महागात पडतं. दुसरं, बाबांना गाडी चालवता येणार नाही. फुटपाथ आहे का? चालत जाऊन लायब्ररी, बाग, दोन मराठी माणसं भेटतील असं काही आहे का? एक एकराच्या सुंदर प्लॉटवर आई-बाबा दुपारभर खिडकीशी बसून राहतात आणि तिसऱ्या आठवड्यात परतीच्या तिकिटाची चौकशी करतात. या बाबतीत एडिसन किंवा प्लेन्सबरोचं दाटीतलं लहान घर दूरच्या प्रशस्त घरापेक्षा कितीतरी बरं.

स्वयंपाकघरात शेगडीवरचा पंखा चालू करा आणि बाहेर जाऊन वाफेचा मार्ग दिसतो का ते बघा. कितीतरी घरांत शेगडीवर मायक्रोवेव्ह टांगलेला असतो, त्याचा पंखा हवा ओढतो आणि तुमच्याच कपाळावर सोडतो. एका ठेच्यात आख्ख्या वरच्या मजल्याला खोकला लागतो आणि स्मोक अलार्म कोकलतो. बाहेरच्या भिंतीला लागून शेगडी असेल तर डक्ट काढणं सोपं; स्वयंपाकघराच्या मधल्या ओट्यावर (आयलंडवर) असेल तर खर्चिक.

शाळेचं रेटिंग बघाच, पण तो पत्ता कुठल्या शाळेला जोडलेला आहे हे डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात फोन करून विचारा. नॉर्थ कॅरोलिनात कॅरी आणि आसपासचा भाग ज्या वेक काउंटीत येतो, तिथे भरलेल्या शाळांच्या प्रवेशांवर कॅप, म्हणजे मर्यादा, असते. समोर शाळा आणि मूल मात्र बसने दुसरीकडे, असं होऊ शकतं. हद्दीही बदलतात.

वास्तूबद्दल एवढंच: भारतीय वस्ती दाट असलेल्या भागांत पूर्वाभिमुख प्लॉटसाठी बिल्डर जास्तीचे पैसे लावतात. तुमचा विश्वास असेल तर द्या. नसेल तर "विकताना बरं पडेल" एवढ्या कारणासाठी किती द्यायचे याची मर्यादा आधी ठरवा.

## ५. जमीन आणि जमिनीखालचं

घर दुरुस्त होतं, जागा बदलता येत नाही. फेमाच्या, म्हणजे सरकारी आपत्ती खात्याच्या, पूरनकाशावर पत्ता टाका, पण तेवढ्यावर थांबू नका. २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टनमध्ये नकाशातल्या पूररेषेबाहेरचीही असंख्य घरं बुडाली. नेहमीच्या घरविम्यात पूर येत नाही, भूकंपही येत नाही. भर पावसात एकदा गाडीने त्या गल्लीत जाऊन या. पाणी कुणाच्या अंगणात जातं ते दिसेल.

विमा आधी, ऑफर नंतर. कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी नव्या घरांच्या पॉलिसी देणं थांबवलं होतं. विम्याशिवाय कर्ज मिळत नाही, तेव्हा डोंगराकडेच्या घरासाठी कोटेशन हातात असल्याशिवाय सही नको.

इन्स्पेक्शन कधीच सोडू नका. चढाओढीत "इन्स्पेक्शन वेव्ह करा (म्हणजे सोडून द्या), तरच घर मिळेल" असं सांगितलं जातं; अशा वेळी घर सोडलेलं बरं. नेहमीच्या इन्स्पेक्शनबरोबर हे वेगळे पैसे देऊन करून घ्या:

- सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा. जुन्या झाडांची मुळं पाइप फोडतात.
- रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू. ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा वर आलं तर यंत्रणा बसवावी असं ईपीए ही सरकारी पर्यावरण संस्था सांगते.
- वाळवी.
- न्यू जर्सीतल्या जुन्या घरात अंगणाखाली पुरलेली तेलाची टाकी आहे का याची तपासणी. टाकी गळलेली निघाली तर माती साफ करण्याचा खर्च मालकाच्या, म्हणजे तुमच्या डोक्यावर.
- टेक्सासच्या चिकणमातीत फाउंडेशन. दारं नीट बंद होतात का, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा गेल्यात का, हे तुम्हालाही दिसतं.
- १९७८ पूर्वीचं घर असेल तर शिशाचा रंग.

## ६. पैसा आणि कागद

कर्ज देणारा दोन महिन्यांची स्टेटमेंट बघतो आणि पगाराव्यतिरिक्तच्या प्रत्येक मोठ्या रकमेचा हिशेब मागतो. म्हणून भारतातून पैसे आणायचे असतील तर घर बघायला लागायच्या आधी दोन-तीन महिने आणा. आई-बाबांना एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, प्रत्येकी आर्थिक वर्षाला २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत पाठवता येतात. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, तो त्यांच्या रिटर्नमध्ये वळता होतो. तुमच्या एनआरओ खात्यातून (भारतातलं उत्पन्न जमा होतं ते खातं) आणायचे तर सीएचं सर्टिफिकेट लागतं आणि त्यात वेळ जातो. परदेशातून मिळालेली भेट वर्षात १ लाख डॉलरच्या वर गेली तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर नाही, नुसती माहिती, पण विसरलात तर दंड भलामोठा.

जुन्या व्हिडिओंत "एच-१बीवर एफएचए घ्या, साडेतीन टक्क्यांत घर" असं सापडेल. मे २०२५ पासून तात्पुरत्या व्हिसावरच्यांना एफएचए, म्हणजे सरकारी हमीचं कर्ज, मिळत नाही. सरकारी हमी नसलेलं, कन्व्हेन्शनल कर्ज मिळतं.

फाइलमध्ये हे ठेवा:

- मागच्या दोन वर्षांचे डब्ल्यू-२ आणि टॅक्स रिटर्न
- मागच्या ३० दिवसांच्या पे-स्लिपा
- सगळ्या खात्यांची दोन महिन्यांची स्टेटमेंट, कोरी पानंसुद्धा
- पासपोर्ट, आय-७९७, आय-९४, असल्यास ईएडी किंवा ग्रीन कार्ड
- नोकरी नुकतीच बदलली असेल तर ऑफर लेटर
- आई-बाबांनी पैसे दिले असतील तर परतफेड नाही असं लिहिलेलं गिफ्ट लेटर आणि पैसे आल्याचा माग

कमीत कमी तीन ठिकाणी अर्ज करा, तेही एकाच पंधरवड्यात; क्रेडिट स्कोअरला ती एकच चौकशी धरली जाते. अर्जानंतर तीन कामाच्या दिवसांत लोन एस्टिमेट, म्हणजे दर आणि खर्चाचा लेखी अंदाज, मिळतं, तिन्ही शेजारी ठेवून वाचा. बिल्डरचा "प्रिफर्ड लेंडर" सवलत देतो आणि दरात वसूल करतो का, ते तिथेच दिसतं. क्लोजिंगचा, म्हणजे घर नावावर होतानाच्या शेवटच्या व्यवहाराचा, खर्च किमतीच्या २ ते ५ टक्के धरा. आणि क्लोजिंग होईपर्यंत नवी गाडी, नवं क्रेडिट कार्ड, सोफ्याचे हप्ते, काही नाही.

## ७. एजंट आणि सही

ऑगस्ट २०२४ पासून एजंट घर दाखवण्याआधी लेखी करार करून घेतो. त्यात त्याचं कमिशन आणि कराराची मुदत लिहिलेली असते आणि दोन्हींवर घासाघीस होते. पहिल्या खेपेला एका घराचा किंवा आठवड्याभराचाच करार करा. विकणाऱ्याचाच एजंट "तुमचंही मीच बघतो" म्हणाला तर नको म्हणा, तो मंडळातला असला तरी.

माघार कुठे घेता येते ते राज्याप्रमाणे बघा. न्यू जर्सीत एजंटने केलेल्या करारावर सही झाल्यावर तीन कामाचे दिवस वकिलाच्या तपासणीसाठी असतात. टेक्सासमध्ये थोडी फी देऊन ऑप्शन पिरियड घेता येतो, त्यात कुठल्याही कारणाने बाहेर पडता येतं. ही मुदत उलटली की अर्नेस्ट मनी, म्हणजे इसार, धोक्यात. कर्ज आणि अप्रेझलच्या (घराच्या मूल्यांकनाच्या) अटी करारातून काढू नका.

क्लोजिंगच्या आदल्या दिवशी पैसे पाठवायच्या सूचना ईमेलने येतात, आणि चोर नेमकी तीच ईमेल बनवतात. ईमेलमधल्या नव्हे, आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर टायटल कंपनीला (मालकीचे कागद तपासून व्यवहार पुरा करणारी कंपनी) फोन करा, खातेक्रमांक एकेक आकडा वाचून घ्या, मगच पाठवा. ओनर्स टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकी हक्काच्या वादासाठीचा विमा, घ्या. लेंडरचा असतो तो फक्त त्याला वाचवतो.

किल्ल्या मिळाल्या की कुलपं बदला. टेक्सासमध्ये असाल तर होमस्टेड एक्झेम्प्शनचा, म्हणजे राहत्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्समधल्या सवलतीचा, अर्ज लगेच भरा, तो फुकट असतो. थोड्याच दिवसांत सरकारी वाटणारी पत्रं येऊ लागतील: "तुमच्या डीडची प्रत हवी असल्यास शंभर डॉलर पाठवा." डीड, म्हणजे खरेदीखत, काउंटीत नोंदलेलं असतं आणि प्रत तिथे किरकोळ पैशांत मिळते. पत्रं रिसायकलिंगमध्ये टाका.